सिस्टरनी बाळंतपणाचं का विचारलं?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी करवीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ४६. घरची दोन म्हसरं आहेत, शेतात जाते, शिवाय घरी ब्लाउज शिवते. गेल्या महिन्यात नातवाला डोस द्यायला सुनेबरोबर उपकेंद्रात गेले होते. तिथल्या सिस्टरनी मलाही बसवून घेतलं आणि बीपी बघितलं. १५८/९६ निघालं. आठ दिवसांनी परत बोलावलं, तेव्हा १५२/९४. मग त्या विचारायला लागल्या, बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, पिशवी काढली आहे का, कितव्या वर्षी काढली, मिश्री लावता का. बीपीचा आणि बाळंतपणाचा काय संबंध, मला नवल वाटलं. धाकटीच्या वेळी आठव्या महिन्यात माझे पाय आणि तोंड सुजलं होतं, बीपी वाढलं म्हणून घाईनं सीझर केलं होतं. ३८ व्या वर्षी पिशवी काढली, अंडाशयंपण काढली असं कागदावर आहे. मिश्री सासरी आल्यापासून आहे. सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला हृदयाची काळजी घेतली पाहिजे, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जाऊन डॉक्टरांना दाखवा. घरी सांगितलं तर मालक म्हणाले, "हार्ट अटॅक बापयांना येतो. आणि सिस्टरचं काय घेऊन बसलीस, ती काय डॉक्टर हाय?" माझी आई ५८ व्या वर्षी गेली. रात्री गॅस झाला म्हणून सोडा पिऊन झोपली, ती उठलीच नाही. बीपीची गोळी एकदा सुरू झाली की जन्माची मागं लागते असं सगळे म्हणतात. मी सिस्टरचं ऐकू का? त्या धाकट्या मुलीला आता तिसरा महिना आहे, ती माहेरी आली की मला सवड होणार नाही, म्हणून आत्ताच विचारते. तसा मला काही त्रास नाही. फक्त दोन महिने झाले, वैरणीचा भारा घेऊन चढ चढताना धाप लागते आणि जबड्यात ओढल्यासारखं होतं. जरा टेकलं की थांबतं. वयानं असेल.

उत्तर : ताई, नमस्कार. तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता जे लिहिलंय, तिथूनच सुरुवात करते. बीपी, मिश्री, मालकांचं बोलणं याला आठ दिवस उशीर झाला तरी चालेल. या धापेला उशीर करून चालणार नाही.

भारा घेऊन चढताना धाप लागते, जबड्यात ओढ बसते आणि टेकल्यावर थांबते, हे वयाचं म्हणून सोडून देऊ नका. ४६ हे काही चढावर धापा टाकायचं वय नव्हे, तेही रोज रानात राबणाऱ्या बाईचं. कष्टाला सुरू होणारा आणि विसाव्याला थांबणारा त्रास असेल, तर हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय का हे आधी बघावं लागतं. डॉक्टर त्याला अंजायना म्हणतात. तुम्हाला तेच आहे असं मी पत्रावरून सांगणार नाही. अंगात रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं, तरी धाप लागते. पण जबडा, धाप, विसाव्यानं वाटणारा आराम, दोन वेळा वाढलेलं बीपी आणि आईचं तसं जाणं, हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलेलं असताना घरी बसून अंदाज बांधत राहणं बरं नाही. याच आठवड्यात पीएचसीत जा आणि ईसीजी काढून घ्या. तोवर वैरण दुसऱ्या कुणाला तरी आणू द्या.

पडून, निवांत असताना काढलेला ईसीजी साफ आला तरी तेवढ्यावर परत फिरू नका. अंजायना असलेल्या पुष्कळ जणांचा ईसीजी विसाव्याला चांगलाच येतो. "चढावरच होतं, बसल्यावर होत नाही" हे डॉक्टरांना पुन्हा सांगा आणि पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी मागून घ्या. कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, हृदयरोग विभाग आहे. इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा, की चालवून ईसीजी काढायचा, की आणखी काही, ते तिथले डॉक्टर ठरवतील. गोष्ट अँजिओप्लास्टीपर्यंत गेलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते, म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्ड पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. कागदासाठी गावाला परत हेलपाटा मारण्यात लोकांचा फार वेळ जातो.

दरम्यान कधी बसल्या जागी छातीत दाब आला, दम कोंडला, गार घाम सुटला, मळमळायला लागलं, जबडा, पाठ किंवा खांदा दुखायला लागला आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर १०८ ला फोन करायचा. रात्र असली तरी, पाहुणे घरात असले तरी. मोटरसायकलवर मध्ये बसून जायचं नाही. शेजारच्या काकांची जिभेखाली ठेवायची गोळी उसनी आणायची नाही, त्यानं बीपी एकदम खाली येऊ शकतं. सोडा, ओवा, लिंबूपाणी करत बसायचं नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर कसं सांगायचं हेही लिहिते, कारण इथंच आपल्या बायकांचं फार नुकसान होतं. मी परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. ओपीडीत आलेली बाई काय म्हणते ते मला पाठ आहे. "जरा अशक्तपणा हाय, एखादं सलाईन लावा." घरी तिनं आठवडाभर सोसलेलं असतं, रांगेत तासभर काढलेला असतो आणि डॉक्टरांपुढं आली की सगळं एका शब्दात आटपून मोकळी होते. डॉक्टरांना समोर अशक्तपणा दिसतो, ते टॉनिक लिहून देतात. हृदयाच्या झटक्यात बायकांनाही छातीत दुखतंच, तेच सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे. पण त्याच्या जोडीला धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, कारण नसताना प्रचंड थकवा, असं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त वेळा दिसतं, आणि मग सगळा दोष पित्ताला नाहीतर पाळी जाण्याच्या वयाला दिला जातो. तुम्ही आम्हाला लिहिलंत ना, "भारा घेऊन चढ चढताना धाप लागते, जबड्यात ओढल्यासारखं होतं, टेकलं की थांबतं," तेच वाक्य चिठ्ठीवर लिहून न्या आणि वाचून दाखवा. सोबत हे पण लिहा : धाकटीच्या वेळी आठव्या महिन्यात बीपी आणि सीझर, ३८ व्या वर्षी पिशवी आणि अंडाशयं काढली, आई ५८ व्या वर्षी रात्रीत अचानक गेली, मिश्री चालू आहे. लाजू नका, मिश्रीचंही सांगा.

आता तुम्हाला ज्याचं नवल वाटलं त्याकडे येते. गरोदरपणात अंगातलं रक्ताचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं वाढतं. तेवढं जादा रक्त नऊ महिने फिरवायचं काम हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना करावं लागतं. चढ लागला की बैलाच्या खांद्याची पारख होते, तसं रक्तवाहिन्यांचं कमकुवतपण या काळात बाहेर येतं. ज्यांना तेव्हा बीपी होतं, सूज येते, लघवीतून प्रथिनं जातात, त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असते. बाळंतपण झालं की काही आठवड्यांत बीपी उतरतं, बारसं होतं आणि सगळे विसरतात. शरीर विसरत नाही. अशा बायकांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट असतो आणि कायमचं बीपी जडण्याची शक्यता त्याहूनही जास्त असते. अमेरिकन हार्ट असोसिएशननं बायकांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत गरोदरपणातलं बीपी आणि गरोदरपणातला मधुमेह हे हृदयाच्या धोक्यात २०११ मध्ये धरले. दिवस भरायच्या आधी झालेलं बाळंतपण, हीदेखील तशीच एक खूण आहे. तुमच्या बाबतीत बीपी आणि आठव्या महिन्यातलं बाळंतपण ही दोन्ही जमली. उपकेंद्रातल्या टेबलाशी बसून वीस-बावीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण विचारणारी सिस्टर तुम्हाला भेटली, ही मोठी गोष्ट आहे. हा प्रश्न भल्याभल्या दवाखान्यांत विचारला जात नाही.

पिशवीचं विचारलं त्याचंही कारण आहे. पाळी चालू असेतो अंडाशयातून निघणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे बाईच्या रक्तवाहिन्यांना थोडं संरक्षण असतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते. तुमची अंडाशयं ३८ व्या वर्षी काढली, म्हणजे ते संरक्षण आठ-नऊ वर्षं आधीच संपलं. ऑपरेशननंतर हार्मोनची गोळी दिली होती का, किती दिवस घेतली, हे डॉक्टरांना सांगा. आता मात्र कुणाच्या सांगण्यावरून ती स्वतःहून सुरू करू नका.

हे लिहिताना ऊसतोड करणाऱ्या बायका डोळ्यासमोर येतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या लहान वयातच काढल्या जातात, याचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या बायकांपैकी कितीतरी जणी दर हंगामात आपल्याच भागातल्या फडांत कोयता चालवायला येतात, खोप्यांत राहतात, चुलीच्या धुरात स्वयंपाक करतात, मिश्री नाहीतर तंबाखूवर भूक मारतात. पिशवीबद्दल निदान चर्चा झाली. त्यांच्या हृदयाबद्दल कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही. एखादी आरोग्यसेविका खोप्यापर्यंत जाऊन त्यांच्या दंडाला पट्टा बांधते, तेवढीच काय ती तपासणी.

मालकांचं म्हणणं, की हा बापयांचा रोग. हा समज कुठून आला ते कळतं. पुरुषांना झटका लवकरच्या वयात येतो, त्यामुळे गावात चाळिशी-पन्नाशीतला माणूस अचानक गेला की सगळ्यांच्या लक्षात राहतं. २००४ मध्ये ५२ देशांतल्या रुग्णांचा इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात आपला देशही होता. बायकांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी ९ वर्षं उशिरा येतो, असं त्यात दिसलं. उशिरा येतो म्हणजे येत नाही असं नव्हे. जगात बायकांचे जेवढे मृत्यू होतात त्यातला साधारण एक तृतीयांश हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होतो. कुठल्याही एका कॅन्सरपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. आपल्या भागातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतर जगापेक्षा काही वर्षं आधीच येतो. आणि बीपी व मधुमेह हे दोन्ही बायकांच्या हृदयाचं पुरुषांपेक्षा जास्त नुकसान करतात. तुमच्या आईला काय झालं होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पण "गॅस झाला आणि गेली" असं जिच्याबद्दल सांगतात अशी एखादी बाई प्रत्येक भावकीत असते, आणि त्यातल्या सगळ्या गॅसनं गेल्या यावर माझा विश्वास नाही.

आता "सिस्टर काय डॉक्टर हाय?" याचं उत्तर. डॉक्टर नाहीच, आणि तुमच्या सिस्टरनी तसा आवही आणलेला नाही. त्यांनी बीपी मोजलं, आठ दिवसांनी पुन्हा मोजून खात्री केली, नेमके प्रश्न विचारले आणि तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवलं. परिचारिकेचं काम उत्तम केलं म्हणतात ते याला. मालकांना एवढं जरूर सांगा, की बायकांच्या हृदयाबद्दल आज डॉक्टर जे सांगतात त्यातलं खूपसं नर्सांमुळंच कळलं आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये नर्सांवर एक अभ्यास सुरू झाला, १ लाख २१ हजार ७०० नर्स त्यात सामील झाल्या. काय खाता, किती चालता, सिगारेट ओढता का, पाळी कधी गेली, असे प्रश्न त्यांना दर दोन वर्षांनी पाठवले जायचे आणि त्या स्वतःच्या हातानं उत्तरं भरून परत पाठवायच्या. त्यांना निवडलं होतं ते एवढ्यासाठीच, की आजाराची माहिती नर्स अचूक लिहील. त्यातल्या ८४ हजारांवर नर्सांची १४ वर्षांची माहिती २००० साली छापली गेली. ज्या धूम्रपान करत नव्हत्या, वजन आटोक्यात ठेवून होत्या, रोज अर्धा तास तरी चालत होत्या आणि नीट खात होत्या, त्यांना हृदयविकाराचा धोका बाकीच्यांपेक्षा कितीतरी कमी होता. त्याच अभ्यासातून हेही कळलं, की वर्षानुवर्षं आलटून पालटून रात्रपाळी केलेल्या नर्सांना हृदयविकार जास्त होतो. दुसऱ्यांचं बीपी मोजणाऱ्या आपल्या सिस्टरचं बीपी कोण मोजतं, हा प्रश्न मला नोकरीत असतानाही छळायचा आणि आजही छळतो.

युरोपातही आठ देशांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. हृदयविकाराच्या आणि जास्त धोका असलेल्या रुग्णांचं खाणं, चालणं, बीपी, औषधं यांचा पाठपुरावा नर्सांकडे सोपवला, आणि नवरा-बायको दोघांनाही बरोबर घेतलं. नेहमीच्या पद्धतीपेक्षा या घरांतलं खाणं सुधारलं, चालणं वाढलं आणि बीपी जास्त चांगलं ताब्यात राहिलं. आपल्याकडे २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रासह पाच राज्यांत बीपी नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्याचा कणाही हाच. गोळी घराजवळ मिळावी, मोजणं आणि नोंद सिस्टरनी करावी, जो आला नाही त्याला फोन करून बोलवावं. डॉक्टरांना एका रुग्णाला जेमतेम काही मिनिटं देता येतात. पाच हजार वस्तीच्या, डोंगराळ भागात तीन हजारांच्या उपकेंद्रातली सिस्टर तुमच्या सासूला, सुनेला, नातवाला ओळखते. गोळ्या संपून दहा दिवस झाले हे तिला कळतं. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर तपासायचं काम सरकारनंही तिच्याकडे आणि आशाताईंकडे दिलेलं आहे.

पुढच्या वेळी बीपी मोजताना मात्र काही गोष्टी तुम्हीही सांभाळा. आधी अर्धा तास चहा नको, मिश्री नको. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, मांडीवर मांडी न घालता शांत बसायचं. बाही वर करून उघड्या दंडाला पट्टा, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. मोजताना बोलायचं नाही, बोललं की आकडा वर जातो. तुमची दोन्ही वेळची मोजणी १४०/९० च्या बरीच वर आहे, त्यामुळे ती चालून आल्यानं किंवा घाबरल्यानं वाढली असेल असं समजून सोडून देऊ नका.

गोळीबद्दल. ती कुठली आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते हे खरं आहे, आणि मी ते लपवणार नाही. पण गोळी मागं लागते असं म्हणताना मागं काय लागलेलं असतं ते बघा. बीपी आधीच मागं लागलेलं आहे, गोळी त्याला आवरून धरते. वरचा आकडा १० नं खाली आला तरी हृदयाचा झटका, लकवा, हृदय निकामी होणं असे मोठे धोके मिळून साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतात. गोळीनं पाय सुजले, खोकला झाला, चक्कर आली तर बंद करू नका, सिस्टरला सांगा, डॉक्टर दुसरी देतात. बीपी ताब्यात आलं म्हणून सोडायची नाही, ते गोळीमुळंच ताब्यात आलेलं असतं. आणि उपवासाला गोळी चालते. नवरात्रात, श्रावणी सोमवारी, संकष्टीला गोळी चुकवणाऱ्या बायका मी खूप बघितल्या. देवी गोळीनं कोपत नाही. साखरेची गोळी सुरू झाली तर मात्र उपवास कसा करायचा हे आधी सिस्टरला विचारून घ्या, कारण त्यात साखर एकदम उतरू शकते. बीपीबरोबर उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल, किडनीची रक्ततपासणी आणि लघवी हे एकदा करून घ्याच. कंबर मोजायला टेप तुमच्याकडे आहेच. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर पोटावरची चरबी कमी करण्याची गरज आहे असं समजा.

मिश्री सोडा, ताई. बाकी सगळ्यात मी थोडंफार चालवून घेईन, यात नाही. मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच. हिरडीवाटे निकोटीन सरळ रक्तात जातं, हृदयाचे ठोके आणि बीपी वाढवतं, आणि दिवसातून चार-चार वेळा वाढवतं. बायका म्हणतात, मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं. ते दुखणं तंबाखू सुटतानाचं असतं, पहिले काही दिवस जास्त जाणवतं, मग ओसरतं. दिवसातली सगळ्यात हवीहवीशी वाटणारी सकाळची मिश्री शेवटी सोडा, दुपारची आणि संध्याकाळची आधी. नाहीतर एकदम सोडा, काहींना तेच जमतं. घरात डबा ठेवू नका. सासूबाई लावत असतील तर दोघींनी मिळून सोडा. सोडवायला मदत करणारी सरकारी फोनसेवाही आहे, १८००-११-२३५६, फोनला पैसे पडत नाहीत.

खाण्यात मला सगळ्यात जास्त काळजी मिठाची आहे. दिवसाला सपाट एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, याच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या घरात कालवणात मीठ, भाकरीच्या पिठात मीठ, खर्ड्यात मीठ, चटणीत तर कांदा-लसणाबरोबर आधीच घातलेलं, वर ताकात चिमूट, आणि पानात लोणचं, पापड. तांबडा-पांढरा बंद करा असं मी म्हणत नाही, कोल्हापुरात राहून ते कुणी ऐकणारही नाही. महिन्यातून एखाद्या वेळी असू द्या, वरचा कट काढून. रोजच्या भाकरीत आणि ताकात मीठ घालू नका, लोणचं-पापड सणाला, चटणी घरी करताना मीठ निम्मं. पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. चहाबरोबरची खारी आणि बटर सोडलं तर मीठ आणि तूप दोन्ही वाचतं. आणि गुळाचा चहा साखरेच्या चहापेक्षा चांगला, असं समजून तीन कप पिऊ नका. रक्तातली साखर गुळानंही तशीच वाढते. आपल्या रानातलं माळवं, ज्वारीची भाकरी, डाळी, मूठभर शेंगदाणे, हे खाणं उत्तमच आहे, त्यात काही बदलू नका.

चालण्याबद्दल आत्ता काही सांगत नाही. आधी तपासणी होऊ द्या, मग किती चालायचं ते डॉक्टरांना विचारा.

मालकांना तुमच्याबरोबर उपकेंद्रात घेऊन जा. सिस्टर त्यांचंही बीपी बघतील, आणि त्या कसं काम करतात हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. वाद घालत बसू नका. आईचं काय झालं ते मात्र त्यांच्यासमोर डॉक्टरांना सांगा. एवढं ऐकल्यावर ते तुम्हाला सीपीआरला न्यायला मागंपुढं बघतील असं मला वाटत नाही.

राहिली तुमची मुलगी. तिच्याच वेळी तुम्हाला बीपी झालं होतं, म्हणून तिला हे सांगणं तातडीचं आहे. आईला गरोदरपणात असा त्रास झालेला असेल तर मुलीलाही तो होण्याची शक्यता वाढते. धोका जास्त आहे असं डॉक्टरांना वाटलं तर बाराव्या ते सोळाव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिनची गोळी सुरू करतात, त्यानं हा त्रास टळण्याची शक्यता वाढते. तिला तिसरा महिना आहे, म्हणजे ती वेळ आत्ताच आहे. गोळी तिनं स्वतःहून घ्यायची नाही. सासरच्या गावातल्या सिस्टरना आणि डॉक्टरांना "माझ्या वेळी आईला आठव्या महिन्यात बीपी झालं होतं" एवढं तिनं पुढच्या तपासणीची वाट न बघता सांगायचं आणि ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यायचं. दर तपासणीला बीपी आणि लघवी दोन्ही झाली का ते बघायचं. डोकं ठणकणं, डोळ्यापुढं अंधारी, तोंडावर सूज, पोटात वरच्या बाजूला दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. बाळंतपण झाल्यावर ते कार्ड जपून ठेवायला सांगा, आणि आज रात्री तिला फोन करा.